कार्बन फायबरचे तुकडे भंगारात देण्याआधी

नाशिकमधील सातपूर किंवा अंबडच्या औद्योगिक वसाहतीतील ज्या कारखान्यात कार्बन फायबरचे भाग बनतात, तेथे पुनर्वापराचा निम्मा निकाल कातरण कोणत्या पिंपात पडते यावरच लागतो. कारण एकदा मिसळलेली कातरण निवडत बसणे पुढे कोणालाच परवडत नाही.

या पदार्थात ५ ते ७ मायक्रॉन व्यासाचे तंतू भार पेलतात आणि त्यांना जागेवर धरून ठेवण्याचे काम बहुधा इपॉक्सी रेझिन, म्हणजे सुरुवातीला चिकट असलेली राळ, करते. रेझिन व त्याला घट्ट करणारा हार्डनर एकत्र येऊन पक्के झाले की रेणूंचे कायमचे जाळे तयार होते, त्यामुळे असा भाग प्लास्टिकच्या बादलीप्रमाणे वितळवून पुन्हा साच्यात ओतता येत नाही.

म्हणून तीन पिंपे वेगळी ठेवावीत. पहिल्यात कोरड्या कापडाची कातरण टाकावी. तिला रेझिन लागलेले नसल्याने तीच सर्वांत मोलाची असते. दुसऱ्यात रेझिन लावलेले पण न शिजवलेले कापड, म्हणजे प्रीप्रेग, टाकावे; ते हातमोज्यांशिवाय हाताळू नये. तिसऱ्यात पक्के झालेले तुकडे टाकण्यापूर्वी त्यांतील ॲल्युमिनियमच्या बुशा, स्क्रू आणि फोम काढून टाकावेत. रंगाखालचा तुकडा काचतंतूचा आहे की कार्बनचा, याची शंका आल्यास त्याची कड पॉलिश पेपरने घासून मल्टिमीटरची दोन्ही टोके तेथे टेकवावीत. कार्बन वीज वाहून नेतो, काच नेत नाही.

याच गुणामुळे ग्राइंडरची धूळ विजेच्या पॅनेलमध्ये शिरल्यास शॉर्टसर्किट होऊ शकते, शिवाय ती त्वचेला खाजवते आणि श्वासावाटे आत जाते. तेव्हा शक्य तेथे पाणी सोडून कापावे, धूळ ओढणारे यंत्र चालू ठेवावे आणि धुळीसाठीचा मास्क लावावा. उघड्यावर जाळणे तर पूर्णपणे टाळावे, कारण विषारी धुराबरोबर बारीक तंतूही हवेत उडतात.

पक्क्या तुकड्यांतून तंतू सोडवण्यासाठी पायरोलिसिस ही रुळलेली पद्धत आहे. बंद भट्टीत, प्राणवायूशिवाय, साधारण ४५० ते ७०० अंश सेल्सिअसला रेझिनचे विघटन होऊन वायू व तेल बाहेर पडते. तंतूंवर उरलेली काजळी मोजक्या हवेत जाळावी लागते. हवा जास्त झाली तर तंतूच झिजतो, आणि माझ्या मते खरे कसब याच टप्प्यावर लागते. मिळणारे तंतू आखूड व विस्कटलेले असल्याने त्यांचे पुन्हा विणलेले कापड होत नाही. मात्र त्यांपासून मॅट बनते किंवा ते इंजेक्शन मोल्डिंगच्या, म्हणजे वितळवून साच्यात दाबायच्या प्लास्टिकच्या, दाण्यांत मिसळता येतात. माल सोपवताना तंतूचा प्रकार, रेझिनचे नाव आणि कापणीची तारीख लिहिलेली चिठ्ठी प्रत्येक पिंपाला बांधावी.