व्हर्च्युअल डिस्कची कॉपी आणि रिकव्हरी

व्हर्च्युअल डिस्क म्हणजे स्टोरेज अ‍ॅरेत (अनेक डिस्क एकत्र चालवणाऱ्या यंत्रणेत) आखलेली डिस्क. तिची कॉपी करताना आधी टार्गेट, म्हणजे कॉपी जिच्यावर उतरेल ती डिस्क, निवडा. त्याची क्षमता सोर्सइतकी (मूळ डिस्कइतकी) किंवा जास्त हवी. त्यावरचा सगळा जुना डेटा पुसला जातो, म्हणून नावावर विसंबू नका. क्षमता आणि आयडी दोन्ही जुळवून पाहा.

ऑफलाइन कॉपीत, म्हणजे काम थांबवून घेतलेल्या कॉपीत, बहुतेक अ‍ॅरे सोर्सवर लिहिणं बंद ठेवतात. डेटाबेस थांबवा, फाइल सिस्टिम अनमाउंट करा (सर्व्हरपासून सोडवा), मगच कॉपी सुरू करा. काम थांबवणं शक्य नसेल तर स्नॅपशॉटवरून (डिस्कच्या एका क्षणाच्या गोठवलेल्या चित्रावरून) कॉपी घ्या, पण रिपॉझिटरीत, म्हणजे स्नॅपशॉटसाठी राखलेल्या भागात, जागा सढळ ठेवा. ती भरली की स्नॅपशॉट निकामी होतो आणि अर्धवट कॉपी फुकट जाते. प्रायॉरिटी वाढवली तर कॉपी लवकर उरकते, मात्र होस्टचा (डिस्क वापरणाऱ्या सर्व्हरचा) वेग पडतो.

खरी गडबड पुढे होते. कॉपी त्याच होस्टला जोडली की दोन्ही डिस्कची ओळख एकच निघते. विंडोज दुसरी डिस्क ऑफलाइन ठेवतं. लिनक्सवर एक्सएफएस ही फाइल सिस्टिम माउंट व्हायला (जोडली जायला) नकार देते, तिथे ओळखीची तपासणी टाळणारा ‘नोयूयूआयडी’ (nouuid) पर्याय द्यावा लागतो. शक्यतो वेगळ्याच होस्टला जोडा.

रिकव्हरीत दिशा उलटी: कॉपी आता सोर्स. बिघडलेल्या डिस्कचं मॅपिंग (होस्टशी असलेली जोडणी) काढा, आणि तिच्यातलं काही वाचवायचं असेल तर आधी ते दुसरीकडे उतरवून घ्या. उलट्या कॉपीनंतर तो डेटा परत मिळत नाही.