कॉल वेटिंगची टुक आणि ओहायोच्या आजी

२००१ साली पुण्यातल्या एका कॉल सेंटरमध्ये रात्रपाळीला लागलो. काम काय, तर अमेरिकेतल्या डायल-अप गिऱ्हाइकांच्या तक्रारी सोडवायच्या. डायल-अप म्हणजे घरच्या फोनलाइनवरून, मॉडेम नावाच्या डब्याने नंबर फिरवून लावलेलं नेट. नेट तुटतंय म्हटलं की ड्रायव्हर, म्हणजे मॉडेम चालवणारं सॉफ्टवेअर, काढायला लावा, परत टाकायला लावा. ट्रेनिंगमध्ये हेच घोटून घेतलं होतं.

ओहायोतल्या एका आजींचा तिसऱ्यांदा फोन आला. ड्रायव्हर दोनदा टाकून झाला होता, म्हणून मी सहज विचारलं, नेमकं तुटतं कधी? म्हणाल्या, रविवारी संध्याकाळी. आणि पुढे आपणहून, "लेक त्याच वेळेला फोन करायची, हल्ली करत नाही."

ट्यूब तिथे पेटली. लेक फोन करत होती, पण आजी नेटवर असल्यामुळे तो मॉडेमला ऐकू जात होता.

सपोर्टमध्ये नवे असाल तर हे एकदा नीट समजून घ्या. तिकडे कॉल वेटिंगची टुक, म्हणजे फोन चालू असताना दुसरा कॉल आल्याची खूण, म्हणजे ४४० हर्ट्झचा सूर, साधारण ०.३ सेकंद, आणि उचललं नाही तर दहाएक सेकंदांनी पुन्हा. आपल्याला ती नुसती टुक. पण ती वाजते तेवढा वेळ एक्स्चेंज मूळ कॉलचा आवाज तोडतं, म्हणजे पलीकडच्या मॉडेमला चक्क शांतता ऐकू येते. दोघांचा ताल चुकतो, तो परत जुळवायला वेळ लागतो, आणि ज्याचा धीर आधी सुटेल तो फोन ठेवतो. स्क्रीनवर 'नो कॅरिअर', म्हणजे पलीकडच्या मॉडेमचा सूर हरवला.

हा धीर म्हणजे एस१० रजिस्टर, मॉडेममधली एक सेटिंग. आकडा सेकंदाच्या दशांशात. बऱ्याच मॉडेममध्ये १४, म्हणजे १.४ सेकंद. तो वाढवून ५० केला की कधीकधी भागतं. पण पलीकडच्या मॉडेमचा धीर आपल्या हातात नसतो. मी एकदा शहाणपणा करून एका गिऱ्हाइकाला २५५ टाकायला सांगितलं. अनेक मॉडेममध्ये त्याचा अर्थ 'कॅरिअर गेला तरी गेला समजू नकोस'. पलीकडून कनेक्शन कधीच तुटलेलं, आणि याच्या घरचा फोन रात्रभर एंगेज. सकाळी टीम लीडरने सगळ्यांसमोर माझी पूजा बांधली.

खरा उपाय स्टार ७०, म्हणजे नंबरच्या आधी *70 फिरवून कॉल वेटिंग बंद करायचं. विंडोज ९८ मध्ये डायलिंग प्रॉपर्टीजमध्ये त्याचा रकानाच आहे. पुढे स्वल्पविराम हवा. त्याने मॉडेम सहसा दोन सेकंद थांबतो, तोवर डायल टोन परत येतो. परिणाम फक्त त्या एका कॉलपुरता. मात्र लाइनवर कॉल वेटिंग नसेल तर काही एक्स्चेंजवर नंबरच लागत नाही, म्हणून आधी विचारा. २००० साली आलेल्या व्ही.९२ या मॉडेमच्या नव्या मानकात नेट होल्डवर ठेवून फोन घ्यायची सोय होती, पण सर्व्हिस देणाऱ्याकडेही ती लागायची. आमच्या गिऱ्हाइकांपैकी फार थोड्यांच्या नशिबी ती आली.

आणखी एक गंमत: बहुतेकांच्या घरी लाइन एकच. आपल्याशी बोलायचं तर नेट बंद. त्यामुळे सगळ्या पायऱ्या कागदावर लिहून घ्यायला लावायच्या आणि फोन ठेवायचा.

आजींना मी स्टार ७० सगळं लिहून घ्यायला लावलं. शेवटी म्हटलं, आता लेकीने फोन केला की तिला एंगेज लागेल. त्या क्षणभर गप्प झाल्या. मग म्हणाल्या, राहू दे, रविवारी मी कॉम्प्युटर लावतच नाही.

तक्रारीच्या तिकिटावर मी 'सुटलं' लिहिलं.