वायरलेसवर वादळाचा इशारा कसा द्यावा

रत्नागिरी जिल्ह्यातल्या हर्णैच्या आमच्या मच्छीमार सोसायटीतला वायरलेस सेट मी सांभाळतो. ऑक्टोबर २०१९ मध्ये, क्यार वादळाच्या आठवड्यात, मी सेटवरून जीव तोडून सांगत होतो, "समुद्रात जाऊ नका!" घाईत वाक्य पुरं व्हायच्या आत, बोलताना दाबून धरायचं बटण सुटलं. दुसऱ्या दिवशी धक्क्यावर एक तांडेल, म्हणजे बोटीचे प्रमुख, भेटले, नात्याने माझे मामा. म्हणाले, "अरे, आम्हाला 'समुद्रात जाऊ' एवढंच ऐकू आलं." त्यांनी शेजारच्या बोटीला विचारलं म्हणून ते थांबले. तेव्हापासून इशारा कागदावर लिहिल्याशिवाय मी बटणाला हात लावत नाही.

मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो आणि वायरलेसवर नेमका शेवटच तुटतो. म्हणून 'नका', 'नाही' वापरूच नका. काय करायचं ते सांगा: "परत फिरा", "बंदरातच थांबा". बटण दाबलं की एक श्वास थांबून बोला, बोलून झाल्यावर आणखी एक श्वास बटण दाबून ठेवा.

आकड्यांचंही तसंच. खरखरीत 'साठ' आणि 'सात' एकच ऐकू येतात. मी आकडा दोनदा बोलतो: "साठ, सहा शून्य". आणि 'उद्या' हा शब्द टाळा. रात्री अकराला तुम्ही "उद्या दुपारी" म्हणालात आणि तोच निरोप दुसऱ्या बोटीने पहाटे दोनला पुढे दिला, तर उद्या म्हणजे कुठला दिवस? वार सांगा.

हवामान खात्याचं पत्रक जसंच्या तसं वाचू नये असं माझं ठाम मत आहे. अक्षांश-रेखांश ऐकेपर्यंत तांडेलाचं लक्ष जाळ्याकडे जातं. त्याला वारा कुठून, किती, कधीपासून आणि कुठल्या खाडीत शिरायचं एवढं हवं असतं. माझा कागद साधारण असा असतो:

"सर्व बोटींना हर्णै सोसायटीचा इशारा. बुधवारी दुपारी बारापासून दक्षिणेचा जोराचा वारा, ताशी पंचावन्न, पाच पाच किलोमीटर. जाळी ओढा, परत फिरा. हर्णैच्या उत्तरेला असाल तर आंजर्ल्याच्या खाडीत शिरा. दक्षिणेला असाल तर दाभोळ किंवा जयगड गाठा. पुन्हा सांगतो."

मग तेच साध्या हिंदीत, कारण आता कितीतरी बोटींवर नेपाळी खलाशी आहेत. सोळा नंबरच्या चॅनलवर फक्त हाक मारा आणि बाकीचं बोलायला आधी ठरवलेल्या दुसऱ्या चॅनलवर या. सोळा हा जीव वाचवायचा चॅनल आहे, तो अडवून ठेवू नये.

सेटची काळजी थोडक्यात सांगतो. अँटेना जितकी उंच तितका आवाज लांब जातो. खाऱ्या हवेने केबलच्या टोकाला हिरवा गंज धरतो. दर महिन्याला ते टोक उघडून पुसा आणि पुन्हा टेप गुंडाळा. सेट १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालला पाहिजे. ३ जून २०२० ला 'निसर्ग' वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला धडकलं, तेव्हा आमच्या दापोली तालुक्यातही वीज आणि मोबाइल कितीतरी दिवस बंद होते. घरोघरी सेलवर चालणारा एक रेडिओ हवाच. त्यावर आकाशवाणी रत्नागिरी कुठे लागतं ते घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आणि पोरांना आजच लावून दाखवा.

इशारा दिला म्हणजे काम झालं असं मात्र समजू नका. ११ नोव्हेंबर २००९ ला फयान वादळ आलं तेव्हा बोटी समुद्रात होत्या आणि या किनाऱ्यावरचे कितीतरी खलाशी परत आले नाहीत. त्यांच्या घरचे अजून त्या दिवसाबद्दल बोलतात, तेव्हा मला ऐकवत नाही. त्यामुळे मी प्रत्येक बोटीचं नाव पुकारतो आणि "ऐकलं" एवढ्यावर सोडत नाही. "काय ऐकलंत ते सांगा, तांडेल," असं विचारतो. त्याने वार, वारा आणि खाडी बरोबर सांगितली तरच वहीत त्या नावापुढे खूण करतो. खूण नसलेल्या बोटींसाठी तिकडच्या जवळच्या बोटीला निरोप पुढे द्यायला सांगतो, कारण वायरलेस सरळ रेषेत जातो आणि लांबच्या बोटीला आपण ऐकूच येत नाही. तासाभरात तरीही उत्तर आलं नाही, तर बोटीचं नाव, नंबर, माणसं किती आणि शेवटची जागा वहीतून वाचून तटरक्षक दलाला १५५४ वर कळवतो.