ईआरपी चालू होण्याआधी सेटरची वही वाचा

कारखान्यात ईआरपी (खरेदी, साठा, उत्पादन एकत्र नोंदवणारं सॉफ्टवेअर) बसवणाऱ्या टीममध्ये नवीन आलेली मंडळी आधी स्क्रीन शिकतात. स्क्रीन काय, येतातच. काम अडतं ते मास्टर डेटावर, म्हणजे सिस्टिममध्ये आधी भरायच्या मूळ माहितीवर. कारण बीओएम (एका पिसाला कोणता माल किती लागतो त्याची यादी) भरला जातो ड्रॉइंगवरून आणि शॉप फ्लोअर चालतो सेटरच्या, म्हणजे मशीन लावून देणाऱ्या कारागिराच्या वहीवर.

समजा, 20 मिमी व्यासाच्या स्टील बारमधून 97 मिमीचे पीस कापायचेत. बीओएममध्ये 97 भरून सगळे मोकळे होतात. प्रत्यक्षात दर कापाला 3 मिमी पातं खातं आणि शेवटचा 60 मिमीचा तुकडा पकडीसाठी सोडावा लागतो. म्हणजे 3 मीटरच्या बारमधून पीस निघतात 29, आणि दर पिसाला खप पडतो सुमारे 103.4 मिमी. हजार पिसांमागे साडेसहा मीटर, जवळपास 16 किलो माल सिस्टिममध्ये दिसतो, रॅकवर नसतो. उत्पादन नोंदवताच माल आपोआप वजा होणारं बॅकफ्लशिंग चालू असेल, तर स्टॉक मोजेपर्यंत याचा पत्ता लागत नाही. त्यातून खरेदी किलोत आणि इश्यू (स्टोअरमधून माल देणं) मीटरमध्ये! या बारचं मीटरला 2.47 किलो हे स्टोअरकीपरला तोंडपाठ असतं. आयटम मास्टरमध्ये, म्हणजे सिस्टिममधल्या त्या मालाच्या मूळ नोंदीत, ते नसलं की स्टॉक निगेटिव्ह गेलाच.

ही माहिती मीटिंग रूममध्ये मिळत नाही. तिथे ऑपरेटर एसओपीच (कामाची लेखी ठरलेली पद्धत) म्हणून दाखवतो. मशीनपाशी उभं राहून विचारा, 'कागदावर आहे त्यापेक्षा वेगळं काय करता? आणि का?' 'का'चा रकाना रिकामा ठेवू नका. थंड मशीनवर माप सरकतं म्हणून सकाळचे पहिले काही पीस वेगळे तपासले जातात. कारण लिहिलं नसेल, तर पुढे कुणीतरी ही पायरी फालतू समजून रूटिंगमधून (कोणतं काम कोणत्या क्रमाने, कोणत्या मशीनवर याची नोंद) काढून टाकतो. रात्रपाळीही बघाच. नेहमीचं मशीन बंद पडलं की जॉब कुठे चढवायचा, हे तिथेच ठरतं; पर्यायी रूटिंग तिथूनच मिळतं.

कागद आणि सिस्टिम दोन्ही समांतर चालवायचं असेल तर थोडेच दिवस. नाहीतर लोक दिवसभर कागदावर लिहितात आणि पाळी सुटताना सगळ्या नोंदी एकदम टाकतात. मग त्या वेळांना काही अर्थ राहत नाही.

गो-लाइव्हनंतर, म्हणजे सिस्टिम प्रत्यक्ष चालू झाल्यावर, दर आठवड्याला कोण अजून स्वतःची एक्सेल शीट ठेवतंय ते शोधा. पण लगेच बंद करायला लावू नका. शीटमधला कोणता कॉलम सिस्टिममध्ये नाही ते पाहा, आणि आधी तो सिस्टिममध्ये आणा.