‘सवय होईल’ म्हणून दुखणं अंगावर काढू नका: नव्या रोडबाइकच्या फिटिंगमधल्या चुका

कोल्हापूर तालमींचं गाव. अंग दुखलं की ‘अंग मोकळं होतंय’ म्हणायची इथली रीत, आणि मांड्या-पोटऱ्यांपुरती ती खरीही आहे. पण नवी रोडबाइक घेतल्यावर गुडघा धरतो, तळहाताला मुंग्या येतात, मान आखडते, तेव्हाही आजूबाजूचे तेच सांगतात: “होईल सवय, तू चालव.” हा सल्ला मला अजिबात पटत नाही. थकलेला स्नायू दोन दिवसांत उतरतो. सांध्याचं दुखणं आणि बधिरपणा वेगळा. सायकलवरचा एखादा भाग चुकीच्या जागी आहे, हे तो सांगत असतो. बहुतेक वेळा तो भाग घरीच एलन कीनं (षटकोनी टोकाच्या चावीनं) जागेवर आणता येतो.

दुकानात जो साइज शिल्लक आहे, तो घेणं

“मीडियम आहे, बसतंय की तुम्हाला” एवढ्यावर व्यवहार उरकू नका. एका कंपनीची 54 ची फ्रेम आणि दुसरीची 54 ची फ्रेम अंगाला सारखी लागत नाही. कंपनीच्या मापांच्या तक्त्यात स्टॅक आणि रीच हे दोन आकडे बघा. क्रँक, म्हणजे पेडलचा दांडा, जिथे फिरतो त्या बॉटम ब्रॅकेटपासून हेडट्यूबच्या (फ्रेमच्या पुढच्या, हँडलखालच्या नळीच्या) माथ्यापर्यंतची उभी उंची म्हणजे स्टॅक आणि त्याच दोन जागांमधलं आडवं अंतर म्हणजे रीच. नवशिक्याला स्टॅक जास्त, रीच कमी अशी एन्ड्युरन्स, म्हणजे लांब पल्ल्यासाठी आरामशीर बेतलेली फ्रेम सोयीची पडते. दोन साइजच्या मधोमध असाल तर सहसा लहान साइज बरा, कारण स्टेम (हँडल फ्रेमला जोडणारा आखूड तुकडा) बदलून तो थोडा लांबवता येतो. मोठी फ्रेम आखूड करायला फारसा वाव नसतो.

दोन्ही पाय टेकलेच पाहिजेत हा आग्रह

सगळ्यांत जास्त गुडघे या चुकीनं बिघडतात. साध्या सायकलीवर, मोटारसायकलवर आपण बसल्या जागी पाय टेकतो, म्हणून नवी सायकल हातात आली की पहिलं काम सीट खाली घेण्याचं. सकाळी रंकाळ्यावर उभं राहून बघा, महागड्या सायकलींवर गुडघे पार छातीकडे येताना दिसतील. सीट खाली असली की पेडल वर येताना गुडघा जास्त दुमडतो आणि वाटीमागचा दाब वाढतो. सपाटीवर ते जाणवत नाही. पन्हाळ्याच्या वाटेवर वाघबीळचा चढ लागला की वाटीच्या पुढच्या बाजूला कळ यायला लागते.

रोडबाइक थांबवताना सीटवरून पुढे उतरायचं असतं. एक पाय पेडलवर, दुसरा जमिनीवर आणि फ्रेमचा दांडा दोन्ही पायांच्या मध्ये. दसरा चौकातल्या गर्दीत जाण्याआधी मोकळ्या रस्त्यावर याचा सराव करा.

उंची ठरवायला एक जाड पुठ्ठ्याचं पुस्तक आणि मापाची टेप पुरते. अनवाणी, भिंतीला पाठ लावून, पायांत वीतभर अंतर ठेवून उभे राहा. पुस्तकाची एक कड भिंतीला चिकटवा, कणा वर ठेवा आणि सीटवर बसल्यावर जेवढा दाब येतो तेवढा येईपर्यंत ते मांड्यांमध्ये वर ओढा. जमिनीपासून पुस्तकाच्या वरच्या कडेपर्यंतचं माप घ्या आणि त्याला 0.883 नं गुणा. माप 78 सेंमी आलं तर उत्तर 68.9 सेंमी. बॉटम ब्रॅकेटच्या मध्यापासून सीटखालच्या नळीच्या (सीटट्यूबच्या) रेषेत सीटच्या माथ्यापर्यंत एवढं अंतर ठेवा. मग पडताळा घ्या: सीटवर बसून टाच पेडलवर ठेवली आणि पेडल तळाशी नेलं, तर गुडघा जेमतेम सरळ व्हायला हवा. चवडा ठेवून पेडल मारताना तळाशी साधारण 25 ते 35 अंशांचा वाक उरतो.

उलटी चूक, म्हणजे सीट फार वर, पाठीमागून दिसते. मित्राला मागून व्हिडिओ काढायला सांगा. कंबर डावी-उजवीकडे झुलत असेल किंवा पेडल तळाला जाताना पायाचा अंगठा खाली ताणला जात असेल, तर सीट थोडी उतरवा. गुडघ्याच्या मागच्या बाजूला ओढ लागणं हीदेखील याचीच खूण.

हँडल लांब पडतं म्हणून सीट पुढे ढकलणं

ही चूक मला सगळ्यांत जास्त खुपते, कारण तिच्यामुळे दुखणं एका जागेवरून दुसऱ्या जागी जातं आणि माणसाला वाटतं, काम झालं. सीट मागे-पुढे करायची ती पायांसाठी. सायकल सपाट उभी करा, क्रँक आडवे करा आणि पुढच्या गुडघ्याच्या वाटीखाली नडगीवर जो उंचवटा आहे, तिथून ओळंबा सोडा. दोरी पेडल ज्यावर फिरतं त्या आसाच्या आसपास पडली की सुरुवातीची जागा मिळाली. उद्यमनगरात मशिनी बसवणाऱ्यांना ओळंबा शिकवायला नको. इतरांनी धाग्याला नट बांधावा. हा काही दगडावरचा नियम नाही, यातून थोडं मागे-पुढे चालतं. पण हँडल जवळ यावं म्हणून सीट पुढे ओढली, तर अंगाचा भार तळहातांवर जातो आणि गुडघाही पुन्हा तक्रार करतो.

हँडल लांब असेल तर स्टेम बदला. 100 मिमीचा काढून 80 किंवा 90 मिमीचा लावला की खांदे सैल होतात. खूप वाकावं लागत असेल तर स्टेम उलटा बसवून हँडल वर घेता येतं, स्टेमखाली रिंगा वाढवता येतात. म्हणूनच दुकानदार ‘छान दिसेल’ म्हणून स्टेम ज्यावर बसतो त्या नळीचं वर उरलेलं टोक कापायला निघाला, तर त्याला थांबवा. कापलेली नळी परत वाढत नाही.

हुडांवर (ब्रेक लिव्हरच्या वरच्या रबरी पकडींवर) हात ठेवल्यावर कोपर किंचित वाकलेलं राहिलं आणि ब्रेकपर्यंत बोटं सहज पोचली, तर अंतर जमलं. हात लहान असतील तर बहुतेक ब्रेक लिव्हरमध्ये एक छोटा स्क्रू असतो, त्यानं लिव्हर जवळ घेता येतो. ही फक्त आरामाची गोष्ट नाही. ऊस हंगामात राधानगरी किंवा गगनबावडा रस्त्यावर मागच्या दिव्याविना दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर अचानक समोर येतो. हूड लांब पडतात म्हणून हँडलच्या आडव्या दांड्यावर हात ठेवून चालवणाऱ्याचा ब्रेक त्या क्षणी हाताशी नसतो.

सीटचा कल आणि मऊ कव्हर

नाक खाली झुकलं की माणूस पुढे घसरतो आणि हातांना मुंग्या येतात. नाक वर असलं की जांघेत बधिरपणा येतो. सीटवर स्पिरिट लेव्हल ठेवा, सपाटीपासून सुरुवात करा आणि बदल एकेक अंशाचाच करा. दुखतं म्हणून जेलचं जाड कव्हर चढवू नका. त्यात बसायची हाडं रुततात आणि मधल्या नाजूक भागावर दाब वाढतो. सीटची रुंदी आपल्या हाडांना जुळते का, ते तपासा. पॅडवाल्या शॉर्ट्सखाली अंतर्वस्त्र घालायचं नसतं, एवढ्यानंच कित्येकांचं सोलवटणं थांबतं.

क्लीटच्या, म्हणजे तळाच्या खाचेनं पेडलमध्ये अडकणाऱ्या बुटांची घाई नको. घेतलेत तर क्लीट चवड्याच्या हाडाखाली किंवा किंचित मागे ठेवा. शिमानोच्या रोड पेडलसाठी पिवळे क्लीट घ्या. त्यांत पाय 6 अंश मोकळा फिरतो, लाल क्लीटमध्ये अजिबात नाही.

आवळताना ताकद लावणं

सीटपोस्टवरची (सीट ज्यावर बसते त्या दांड्यावरची) किमान खोलीची खूण कधीही नळीबाहेर दिसता कामा नये. बोल्टजवळ तो किती जोरानं आवळायचा याचा न्यूटन-मीटरमधला आकडा छापलेला असतो, बऱ्याचदा 5 च्या आसपास. कार्बन भागावर टॉर्क रेंचशिवाय (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याशिवाय) हात घालू नका आणि तिथे ग्रीसऐवजी कार्बन पेस्ट लावा.

एका वेळी एकच बदल करा, तोही 3 ते 5 मिमीचा, आणि पुढचा बदल दोन-तीन राइड झाल्यावर. सीटची उंची, तिची मागे-पुढची जागा आणि हँडल एकाच संध्याकाळी हलवलंत, तर गुण कशानं आला ते कळणार नाही. बोटांचा किंवा जांघेचा बधिरपणा सायकलवरून उतरल्यावरही तासन्‌तास राहत असेल, तर फिटिंगचा नाद बाजूला ठेवून डॉक्टरांना दाखवा. मापं जमली की सीटपोस्टवर इन्सुलेशन टेपची रिंग मारा आणि आकडे मोबाइलमध्ये लिहून ठेवा. सायकल खोलून गाडीतून न्यायची वेळ आली की तेच कामाला येतात.