आपल्या लोकांना जुळणारी स्टेम सेल बँक काढायची तर सुरुवात कुठनं करायची

सांगली-मिरजेत दवाखान्यांना तोटा नाही, त्यामुळं "आपली पण स्टेम सेल बँक (शरीरातल्या वेगवेगळ्या पेशी ज्यांच्यापासनं बनवता येतात अशा पेशींचा, पेशंटला लावण्यासाठीचा साठा) काढूया की" असं कोणतरी म्हणतंच आणि मग पहिली चर्चा बिल्डिंग आणि मशीनची. ते सगळं नंतर. आधी माणसं शोधायची असतात, आणि तीही ठराविक.

शरीर परकी पेशी ओळखतं ते मुख्यतः एचएलए वरनं, म्हणजे पेशींवरच्या ओळखखुणांवरनं, त्यांचे जीन्स सहाव्या क्रोमोसोमवर असतात, एक संच आईकडनं एक वडिलांकडनं. आता दोन्हीकडनं सेम संच आलेला, म्हणजे होमोझायगस डोनर मिळाला तर त्याच्यापासनं बनवलेल्या आयपीएस पेशी (साध्या पेशी लॅबमध्ये परत मूळ अवस्थेला नेऊन केलेल्या स्टेम सेल), ज्यांच्याकडं तो संच एका बाजूनं जरी असला त्या सगळ्यांना जुळतात, कारण त्या बाबतीत परकं काही दिसतच नाही. ब्रिटनमध्ये २०१२ च्या अभ्यासात असे १५० डोनर निवडून घेतले तर ९३ टक्के लोकांना जुळतं असं निघालं, जपानात क्योटोला, आयपीएस पेशी पहिल्यांदा बनवणाऱ्या यामानाकांच्या संस्थेनं ४ संचांत साधारण ४० टक्के लोक कव्हर केले. पण हुरळून जाऊ नका, आपल्याकडं लग्नं पिढ्यान्‌पिढ्या जातीतल्या जातीत, दर समाजात वेगळेच संच जास्त दिसतात, त्यामुळं जपानची यादी सोडाच, पुण्याची यादी जत-आटपाडीला चालेल असंपण धरू नका.

मग आपली यादी करायची कशी, तर रक्तदान शिबिरातनं. मंडळाचं असू दे नाहीतर नेत्याच्या वाढदिवसाचं, तिथंच एक टेबल टाकायचं, स्वॅब गालाच्या आतनं नीट घासायचा आणि पूर्ण वाळू द्यायचा, ओलाच पाकिटात कोंबला की बुरशी धरते आणि सँपल वाया. पाकिटावर नाव नाही, बारकोड. टायपिंग, म्हणजे कुठला संच आहे याची तपासणी, एचएलएच्या ए, बी आणि डीआरबी१ या जीन्सची तरी कराच. फॉर्ममध्ये आईचं माहेर कुठलं आणि आईवडील आधीपासनं नात्यातले का हे विचारा, मामाच्या पोरीशी लग्न आपल्या भागात काही नवीन नाही, आणि अशा जोडप्यांच्या पोरांत सेम-सेम संच निघायची शक्यता जास्त. हे बाजूला घेऊन विचारायचं हां, रांगेत सगळ्यांसमोर नाही. रक्तगट ओ असला तर दुधात साखर, तो बाकीच्या गटांनापण चालतो.

संमतीपत्र मराठीतच पाहिजे, यात माझ्याकडनं तडजोड नाही. पेशी वर्षानुवर्षं वाढवल्या जातील, कंपनीला जाऊ शकतील, सगळा जीनोम वाचला जाईल, त्यात आजार दिसला तर कळवायचं का नाही, आणि माघार कुठवर घेता येते, हे सगळं त्यात यायला पाहिजे. आयसीएमआरच्या (केंद्राची वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ च्या गाईडलाईन्सप्रमाणं संस्थेच्या स्टेम सेल कमिटीची आणि एथिक्स कमिटीची मंजुरी आधी घ्या.

यादीतनं निवडलेल्या डोनरच्या रक्तातनं आयपीएस बनवणं हे जीएमपी लॅबचं (औषध बनवायच्या दर्जाची लॅब) काम, ते त्यांच्यावर सोपवा, फक्त क्रोमोसोम शाबूत आहेत का, मायकोप्लाझ्मा (पेशींत लपून वाढणारे जंतू), एचआयव्ही, कावीळ बी-सी हे रिपोर्ट आणि पेशी त्याच डोनरच्या आहेत याचा पुरावा हातात आल्याशिवाय बँकेत एक कुपी घेऊ नका. आणि पेशंटला आधीच सांगा, एचएलए जुळलं तरी बाकीचे बारीक फरक राहतातच, त्यामुळं इम्युनिटी दाबायच्या गोळ्या कमी होऊ शकतात, बंदच होतील असं नाही.

साठा लिक्विड नायट्रोजनमध्ये, लाईट गेली तरी टाकी तग धरते पण नायट्रोजन उडत राहतो, भरणारा माणूस दिवाळीतपण यायला पाहिजे. अर्धा साठा दुसऱ्या शहरात ठेवा, आणि टाक्या तळमजल्यावर तर अजिबात नको, २०१९ ला कृष्णेचं पाणी सांगलीत कुठवर आलं होतं ते वेगळं सांगायला नको.