स्मार्ट स्पीकर घेताना आधी घरातले फोन बघा

अॅपलचा होमपॉड सुरू करायलाच आयफोन किंवा आयपॅड लागतो, त्यामुळे सगळ्यांकडे अँड्रॉइड असेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका. अॅमेझॉनचे अलेक्सा आणि गूगलचे स्पीकर दोन्ही प्रकारच्या फोनवर चालतात.

मी आईसाठी इको डॉट, म्हणजे अॅमेझॉनचा लहान अलेक्सा स्पीकर, घेतला. तिला बारीक अक्षरं दिसत नाहीत. गोळ्यांची आठवण आणि गजर एवढंच मुख्य काम. त्याला लहान स्पीकर पुरतो. गाणी मन लावून ऐकणार असाल तर मात्र मोठाच घ्या. लहानग्या स्पीकरमधून खर्जातले स्वर पोकळ येतात आणि मला ते फार खुपतं.

मायक्रोफोन बंद करायचं बटण स्पीकरवरच हवं. इको डॉटचं बटण दाबलं की लाल दिवा लागतो, आईला तो लांबूनही कळतो. स्पीकरच्या अॅपमधली आपल्या बोलण्याची जुनी रेकॉर्डिंगही अधूनमधून पुसत जा.

दिवे, प्लग जोडायचे असतील तर स्पीकरच्या आणि त्यांच्या खोक्यावरही ‘मॅटर’ची खूण शोधा. २०२२मध्ये आलेल्या या मानकामुळे वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणं एकत्र चालतात.

बहुतेक स्पीकरना बॅटरी नसते, तेव्हा प्लगजवळची जागा हेरा. फक्त टीव्हीला चिकटून नको, आपली हाक त्याला नीट ऐकू जात नाही.